पाच हजार मागितले, साडेतीन हजार आले

नमस्कार मंडळी! मागे गोंगाट ऐकू येतोय ना? ठाण्याची संध्याकाळची तलावपाळी आहे, इलाज नाही.

आज फोनवर कॅल्क्युलेटर उघडा. इन्स्टा नाही, कॅल्क्युलेटर.

समजा महिन्याची 20 तारीख. रूमचं भाडं थकलंय, घरी सांगायची लाज वाटते. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवर 5,000 मागितले, दोन मिनिटांत मंजूर. खात्यात आले 3,500. बाकीचे 1,500 'प्रोसेसिंग फी' म्हणून आधीच कापले. सात दिवसांनी परत करायचे मात्र पूर्ण 5,000. आता 1,500 भागिले 3,500 करा. जवळपास 43 टक्के. वर्षाला नाही हां, आठवड्याला! सावकारसुद्धा एवढं मागताना जरा खाकरला असता.

सातव्या दिवशी पैसे कुठून येणार? मग दुसरं ॲप. याची टोपी त्याच्या डोक्यावर. सेकंड इयरला घणसोलीत चौघांत रूम होती, तेव्हा मी हे तीन ॲपवर केलंय. हप्ता चुकला आणि वसुलीवाल्याने फोन कुणाला लावला? कळव्याच्या माझ्या मावशीला! तिचा नंबर त्याला मीच दिला होता, कॉन्टॅक्ट्ससाठी 'अलाउ' दाबून.

आता नियम ऐका. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये डिजिटल कर्जासाठी नियमावली आणली. ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट्स, गॅलरी उघडता येत नाही. सगळी फी धरून वर्षाचा व्याजदर कर्ज देण्याआधीच लिहून दाखवावा लागतो. घेतल्यावर पस्तावलात तर ठरलेल्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर करता येत नाही. कर्ज नक्की कोणती बँक किंवा कंपनी देतेय हे ॲपवर दिसत नसेल, तर तिथूनच मागे फिरा. फोटो मॉर्फ करून धमकावतायत? 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, लगेच.

क्रेडिट कार्डाचं थोडक्यात सांगतो. 20,000 चं बिल, 'मिनिमम ड्यू' 1,000. तेवढेच भरले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के असेल, तर त्या हजारातले 700 व्याजातच गेले. वर जीएसटी.

फीसाठी पैसे हवे असतील तर हा ॲपचा रस्ताच नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जात साधारणपणे कोर्स आणि वर एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं, त्यामुळे जमेल तसं तेवढं भरत राहा. त्याआधी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज टाका. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी 'कागदपत्रं कोण जमवणार' म्हणून तो भरलाच नव्हता. मीही त्यातलाच.

माझं पुढे काय झालं? मावशीने आधी झापलं, मग जेवायला वाढलं, मग तिन्ही ॲपचे पैसे भरले. बिनव्याजी. तिचे 2,000 अजून बाकी आहेत.

मावशी, बघत असशील तर, एक तारखेला नक्की.