'स्टार ट्रेक'चे चाहते आणि त्यांचे हातचे काम

श्रोतेहो, नमस्कार.

विज्ञानकथेच्या एखाद्या दूरचित्रवाणी मालिकेवर आणि तिच्यातल्या पात्रांवर माणसे इतका जीव का लावतात, या विषयावर बोलण्यासाठी मी 'स्टार ट्रेक' ही मालिका निवडली आहे. या मालिकेच्या बाबतीत चाहत्यांचे प्रेम मनातल्या मनात राहिले नाही; त्या प्रेमाने मालिकेचे आयुष्य बदलले, आणि ते कसे बदलले हे तारीखवार सांगता येते. माझे म्हणणे असे, की ही मालिका घडवली निर्मात्यांनी, पण टिकवली चाहत्यांनी. आणि टिकवण्याचे हे काम त्यांनी कागद, शाई आणि टपालाची तिकिटे घेऊन, स्वतःच्या हातांनी केले.

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर 'स्टार ट्रेक'चा पहिला भाग दाखवला गेला. कल्पना जीन रॉडनबेरी यांची आणि निर्मिती डेसिलू स्टुडिओची. 'एंटरप्राइझ' नावाचे अंतराळयान, त्याचा कप्तान कर्क, डॉक्टर मॅकॉय आणि अर्धा मानव, अर्धा व्हल्कन (म्हणजे भावना दाबून तर्काने चालणाऱ्या एका परग्रहवासी वंशाचा) असलेला विज्ञान अधिकारी स्पॉक ही मंडळी आता जगभर ओळखीची आहेत, परंतु त्या काळी मालिकेची प्रेक्षकसंख्या बेताचीच होती. १९६७ सालच्या अखेरीस, दुसरे पर्व चालू असतानाच, मालिका गुंडाळली जाणार अशी कुणकुण लागली. त्या वेळी ब्जो ट्रिंबल आणि त्यांचे पती जॉन ट्रिंबल या चाहत्या दांपत्याने पत्रमोहीम हाती घेतली. मोहिमेची पद्धत साधी होती: प्रत्येकाने दहा जणांना पत्र लिहायला सांगायचे आणि त्या दहांनी आणखी दहा जणांना. पत्र मात्र सभ्य भाषेत, आपल्या शब्दांत लिहायचे, म्हणजे लिहिणारा विचारी माणूस आहे हे वाचणाऱ्याला कळावे. किती पत्रे गेली याबद्दल वेगवेगळे आकडे सांगितले जातात. त्या वादात शिरण्याची गरज नाही, कारण १ मार्च १९६८ रोजी त्या रात्रीचा भाग संपल्यावर एनबीसीला, मालिका पुढेही चालू राहील, असे पडद्यावरूनच जाहीर करावे लागले.

तिसरे पर्व आले, पण शुक्रवारी रात्री दहा वाजता, म्हणजे ज्या तरुणांसाठी ही मालिका होती ते घराबाहेर असण्याच्या वेळी. खर्चाला कात्री लागली, रॉडनबेरी रोजच्या कामातून बाजूला झाले, आणि ३ जून १९६९ रोजी मालिका संपलीच. मोहीम फसली, असे त्या दिवशी कोणीही म्हटले असते. येथे थोडा हिशेब मांडतो. पहिल्या पर्वाचे २९ भाग होते, दुसऱ्याचे २६ आणि तिसऱ्याचे २४, म्हणजे एकूण ७९. स्थानिक वाहिन्या जुन्या मालिका विकत घेऊन आठवड्याचे पाच दिवस पुन्हा दाखवत असत, आणि त्यासाठी त्यांना भागांचा पुरेसा साठा लागे. ५५ भाग अकरा आठवड्यांत संपले असते. ७९ भाग जवळजवळ सोळा आठवडे पुरत होते. पत्रांनी मिळवलेले ते २४ भाग कलेच्या दृष्टीने पुष्कळदा सामान्य आहेत, हे मी चाहता असूनही मान्य करतो. पण त्यांच्यामुळे ही मालिका पुनःप्रक्षेपणाच्या बाजारात उभी राहू शकली, सत्तरच्या दशकात संध्याकाळी शाळा-कॉलेजातून परतणाऱ्या मुलांच्या रोजच्या पाहण्यात आली, आणि बंद पडल्यानंतर पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक लोकप्रिय झाली.

पत्रांइतकेच महत्त्वाचे काम चाहत्यांच्या नियतकालिकांनी केले. १९६७ साली डेव्हरा लँगसम आणि शेर्ना कमरफर्ड या दोघींनी 'स्पॉकनेलिया' काढले. या मालिकेला वाहिलेले हे पहिले चाहतापत्र मानले जाते, आणि पहिल्याच अंकात स्पॉकची भूमिका करणारे लेनर्ड निमॉय यांचे पत्र छापलेले होते. ही चाहतापत्रे पुष्कळदा सायक्लोस्टाइल केलेली असत. ज्यांनी सायक्लोस्टाइलचे यंत्र वापरले आहे त्यांना त्यातले श्रम सांगायला नकोत: टाइपरायटरची फीत बाजूला सारून मेणाच्या कागदावर जोरात अक्षरे उठवायची, चूक झाली तर ती जागा लाल द्रव लावून बुजवायची आणि वाळली की पुन्हा टंकायची, मग शाई भरून हँडल फिरवत एकेक पान काढायचे, पाने वाळली की टेबलावर गठ्ठे मांडून भोवती फेऱ्या घालत ती क्रमाने उचलायची आणि टाचायची. हा सारा खटाटोप कशासाठी, तर हिरव्या रक्ताच्या व्हल्कन माणसाचे शरीर आणि मन कसे चालत असेल यावर लेख, कविता आणि कथा छापण्यासाठी. हे काम करणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा फार मोठा होता, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता प्रश्न असा, की कप्तान कर्कसारखा देखणा, धाडसी नायक समोर असताना लेखण्या स्पॉकच्या बाजूने का झरल्या? वाहिनीला तर हे पात्र नकोसेच होते. त्याच्या टोकदार कानांमुळे तो सैतानासारखा दिसेल या भीतीने एनबीसीने आपल्या विक्रीपत्रकातील छायाचित्रात त्याचे कान आणि भुवया खोडून गोल करून घेतल्या होत्या.

माझे उत्तर मी एका भागाच्या आधारे देतो. २ मार्च १९६७ रोजी दाखवलेल्या या भागाची पटकथा डोरोथी फॉन्टाना यांची होती. एका ग्रहावरील वनस्पतींच्या बीजाणूंमुळे तेथे जाणारा प्रत्येक जण निर्धास्त आणि सुखी होतो. स्पॉकवरही परिणाम होतो. तो हसतो, झाडाच्या फांदीला लोंबकळतो, पूर्वी ओळख असलेल्या एका स्त्रीवरचे प्रेम बोलून दाखवतो. कर्क त्याला मुद्दाम अपमानकारक बोलून संतापवतो, तेव्हा तो परिणाम ओसरतो, आणि आपले कर्तव्य ओळखून स्पॉक यानावर परततो. शेवटच्या दृश्यात कप्तान त्याला त्या ग्रहाविषयी विचारतो. स्पॉक नेहमीच्या सपाट आवाजात सांगतो, की विशेष सांगण्यासारखे काही नाही, एवढेच, की आयुष्यात पहिल्यांदा तो सुखी होता. भाग तेथेच संपतो. निमॉय यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, आणि त्यामुळेच त्या वाक्याचा सगळा भार पाहणाऱ्यावर येऊन पडतो. जे पात्र आपल्या भावना बोलून मोकळे होते त्याच्याविषयी प्रेक्षकाला लिहिण्यासारखे फारसे उरत नाही. स्पॉक बोलत नाही. त्याच्या वडिलांशी त्याचे अठरा वर्षे बोलणे नव्हते, हे आपल्याला पुढच्या पर्वात कळते, पण त्या अठरा वर्षांत त्याच्या मनात काय चालले होते, हे मालिका सांगत नाही. चाहत्यांच्या शेकडो कथा त्या मौनात जन्मल्या.

दुसरे कारण त्याच्या अर्धेपणात आहे. व्हल्कन लोकांत तो मानव ठरतो आणि मानवांत व्हल्कन. १९६८ साली एका किशोरवयीनांच्या मासिकाकडे एका मुलीचे स्पॉकच्या नावे पत्र आले. तिच्या आईवडिलांपैकी एक कृष्णवर्णीय आणि एक श्वेतवर्णीय होते, आणि दोन्हीकडची मुले तिला आपले मानत नव्हती. निमॉय यांनी त्याच मासिकातून तिला सविस्तर उत्तर दिले. लहानपणी स्पॉकलाही असेच बाहेर ठेवले गेले होते, असे सांगून, इतरांच्या पसंतीवर स्वतःची किंमत ठरू देऊ नये, हे त्यांनी तिला समजावले. चाहते काल्पनिक पात्राला खरे समजतात, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्या मुलीला स्पॉक कोणी खरा माणूस नाही हे ठाऊक नसेल, असे मला मुळीच वाटत नाही. आपल्या दुःखाची नेमकी आखणी तिला तिच्या शाळेत किंवा शेजारी सापडली नाही, ती त्या पात्रात सापडली, म्हणून तिने तेथे पत्र धाडले. यात भाबडेपणा काही नाही. हे उत्तम वाचन आहे.

यानावरची कृष्णवर्णीय संपर्क अधिकारी उहुरा, या पात्राची गोष्ट अनेकांना माहीत आहे. ती भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या पर्वानंतर मालिका सोडण्याच्या विचारात होत्या, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी स्वतःला त्यांचा चाहता म्हणवून त्यांना थांबायला सांगितले, असे त्या नेहमी सांगत. पुढे त्यांनी नासासाठी स्त्रिया आणि अल्पसंख्याक उमेदवारांना अंतराळवीर होण्याचे आवाहन केले, आणि लहानपणी उहुराला पाहत वाढलेल्या मे जेमिसन १९९२ साली अंतराळात गेल्या.

तथापि चाहत्याने डोळे मिटून प्रेम करावे, असे मला वाटत नाही. १९६४-६५ मध्ये तयार झालेल्या पहिल्या चाचणी भागात यानाची दुय्यम अधिकारी एक स्त्री होती, थंड डोक्याची आणि तर्कनिष्ठ. वाहिनीने तो भाग नाकारला, ते पात्र गेले, आणि तिचा तो भावनाशून्य शांतपणा स्पॉकला मिळाला. मालिकेच्या अगदी शेवटच्या भागात तर, तारायानांच्या कप्तानांच्या जगात स्त्रियांना जागा नाही, असे एक स्त्री पात्र कडवटपणे बोलते. ज्या स्त्रिया ही मालिका जगवण्यासाठी रात्री जागून पाने टाचत होत्या त्यांच्या पदरात मालिकेने हे टाकले, याची मला आजही चीड येते. त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही, आपल्या कथांमध्ये स्त्रियांना कप्तान केले, आणि १९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये पहिले मोठे संमेलनही भरवले. काहीशे माणसे येतील असा त्यांचा अंदाज होता. आली ती हजारोंनी. रॉडनबेरी आले, विज्ञानकथालेखक आयझॅक आसिमोव्ह आले.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागत असे. माझ्यासारख्या अनेकांनी ती कृष्णधवल संचावर पाहिली, त्यामुळे यानावरच्या सोनेरी, निळ्या आणि लाल गणवेशांतून कोणाचे खाते कोणते हे कळते, ही गोष्ट आम्हाला पुष्कळ उशिरा समजली. संमेलने नव्हती, चाहतापत्रे नव्हती. एखादा भाग हुकला की तो हुकलाच, मग सोमवारी शाळेत कोणाकडून तरी ऐकून तो मनात जुळवायचा. १९७९ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात डोक्याचा गोटा करून इलियाची भूमिका करणाऱ्या पर्सिस खंबाटा मुंबईच्या, हे कळल्यावर तर त्या यानाशी आपले काही नाते आहे असेच आम्हाला वाटू लागले.

शेवटी एका वादाविषयी बोलतो. १९७६ साली चाहत्यांनी पुन्हा पत्रे लिहिली, या वेळी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना, आणि नासाच्या पहिल्या अंतराळ शटलचे ठरलेले 'कॉन्स्टिट्यूशन' हे नाव बदलून 'एंटरप्राइझ' ठेवले गेले. १७ सप्टेंबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियातील पामडेल येथे ते शटल बाहेर आणले गेले तेव्हा रॉडनबेरी आणि मालिकेतील बहुतेक नट हजर होते. पुढे ते अंतराळात गेलेच नाही, कारण ते चाचणीसाठीचे शटल होते. म्हणून आपले लाडके नाव वाया गेले, असे काही चाहते आजही हळहळत सांगतात. मला ही हळहळ पटत नाही. १९७७ साली बोइंग ७४७ विमानाच्या पाठीवरून हवेत सोडलेल्या त्या शटलने पाच वेळा इंजिनाविना तरंगत धावपट्टी गाठली. असे अवजड यान परतताना सुखरूप उतरवता येते, याची खात्री त्या उड्डाणांनी करून दिली, आणि एप्रिल १९८१ मध्ये 'कोलंबिया' दोन माणसांना घेऊन वर गेले ते ती खात्री पदरी होती म्हणून. आज ते शटल न्यूयॉर्कच्या संग्रहालयात ठेवलेले आहे. तुमच्यापैकी कोणी तिकडे गेले, तर ते जरूर पाहावे, आणि त्याच्या नाकाजवळ रंगवलेले ते नाव टपालाने तेथवर पोहोचले आहे, हे सोबतच्या मुलांना सांगावे.