हंसांच्या राखीव रानात गाई कशाला?

मित्रहो, बेटाच्या नावापासून सुरुवात करतो. इंग्रजीत लिहिताना त्यात एक 'एस' येतो, बोलताना तो गिळायचा. उरतं ते 'आयला'. हसून घ्या. माझी पुतणी ग्लासगोला असते. 'काका, या खेपेला आयला बघायला जाऊ,' असं ती फोनवर म्हणाली, तेव्हा मीही तिला 'बाई, जरा नीट बोल' असंच म्हटलं होतं.

हे बेट स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला आहे. केनाक्रेगहून बोटीनं दोनेक तास लागतात. वस्ती तीन हजारांच्या आसपास. समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलून रामराम करतो. दुसऱ्या दिवशी आपलंही बोट आपोआप उठायला लागतं. जगात या बेटाचं नाव व्हिस्कीमुळे आहे. त्याबद्दल नंतर प्रश्न विचारू नका, तिथं माझा अभ्यास कमी पडला.

आम्ही गेलो ते ऑक्टोबरच्या शेवटी, लॉख ग्रुइनार्टला. 'लॉख' म्हणजे तळं असं आपण वाचलेलं असतं, पण ही समुद्राची खाडी आहे. ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो. 'रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्‌स' या संस्थेचं हे राखीव क्षेत्र. आपलं नांदूरमध्यमेश्वर 2020 साली ज्या रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलं, त्याच यादीत ही चिखलटही आहे. मी डोळ्यांसमोर आपलं अभयारण्य घेऊन गेलो होतो: चौकी, तारेचं कुंपण, 'गुरे चारण्यास सक्त मनाई'. आणि फाटक उघडलं तर समोर गाई! भटक्या नव्हेत, संस्थेच्याच. राखीव क्षेत्र हीच एक चालती शेती आहे. गवत पेरतात, कापतात, गुरं पाळतात.

कारण इथला पाहुणा गवतखाऊ आहे. बार्नेकल गूज म्हणजे पांढऱ्या तोंडाचा, काळ्या मानेचा कलहंस. तो पूर्व ग्रीनलंडमध्ये अंडी घालतो, आइसलंडला दम खातो आणि ऑक्टोबरात इथं उतरतो तो एप्रिलपर्यंत. हिवाळ्यात या एका बेटावर तीस हजारांहून जास्त पक्षी असतात. नाव गूज, पण गूज कसलं, नुसता कलकलाट! त्यांची घरटी युरोपात कुणी पाहिली नव्हती, म्हणून मध्ययुगात लोक मानायचे की हे पक्षी ओंडक्यांना चिकटलेल्या बार्नेकल शिंपल्यांतून निपजतात. त्यातून एक सोयही झाली. मांसातून न जन्मलेला पक्षी उपवासाला चालतो, असं काही धर्मगुरूंनी ठरवून टाकलं. आपल्या साबुदाण्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

या हंसांना लांब, जून गवत चालत नाही. आखूड, कोवळं, खत दिलेलं लागतं, म्हणजे नेमकं शेतकऱ्यानं गुरामेंढरांसाठी राखलेलं. त्यामुळे भांडण आहेच. सरकार शेतकऱ्यांना भरपाई देतं, परवान्यानं काही हंस मारूही देतं, आणि पक्षीवाल्यांचा त्याला विरोध असतो. राखीव क्षेत्राची शेती म्हणजे हंसांना वाढलेलं वेगळं ताट आहे. ते शेजाऱ्याच्या ताटातही जातात, तो भाग निराळा.

इथं मला भरतपूर आठवलं. 1982 साली तिथल्या केवलादेव पक्षी-उद्यानात चराई बंद केली. गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसं गेली. आणि पुढं काय झालं? म्हशी गेल्या तसं पाण्यातलं गवत माजलं आणि उथळ पाणी त्यानं गिळलं. हे आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच अनेक वर्षांच्या अभ्यासातून पुढं आलं. म्हैस ही त्या पाणथळीची माळीण होती. सगळीकडे गुरं सोडा, असं मी म्हणत नाही. सह्याद्रीतल्या सड्यावर हिशेब वेगळा असेल. पण 'गुरं म्हणजे नासधूस' हे पाठांतर मी आयलाला सोडून आलो.

खाडीच्या कडेनं पुढं गेलात की किलनेव्हचं बिनछपराचं देऊळ लागतं, त्यांचं चॅपल हो. 1598 मध्ये मॅकडोनाल्ड आणि मॅक्लीन या घराण्यांची इथं लढाई झाली. हरलेले मॅक्लीन देवळात शिरले आणि मॅकडोनाल्डांनी वरचं छप्पर पेटवून दिलं, असं सांगतात. अंगणात आठव्या शतकातला झिजलेला दगडी क्रूस उभा आहे. त्याच्यापुढं आर्डनेव्हच्या वाळूच्या टेकड्यांवर मला चफ दिसला. लाल चोच, लाल पाय, बाकी आपला कावळाच. स्कॉटलंडात याच्या जेमतेम काही डझन जोड्या, बहुतेक याच बेटावर. तो जगतो कशावर? शेणाच्या पोवर! पो उलटा करायचा, आतल्या अळ्या आणि शेणकिडे खायचे. गाईला जंताचं काही ठरावीक औषध दिलं की शेणात किडा धरत नाही आणि चफची पिल्लं उपाशी राहतात. डायक्लोफिनॅकनं आपली गिधाडं गेली, ती गुरांच्या औषधामुळेच ना?

दक्षिणेला 'ओ' नावाचं भूशिर आहे. तिथंही हीच संस्था, याच गाई. टोकावर दगडी मनोरा आहे, अमेरिकन रेड क्रॉसनं बांधलेला. 5 फेब्रुवारी 1918 ला अमेरिकन सैनिकांनी भरलेलं 'टस्कानिया' जहाज पाणबुडीनं बुडवलं, दोनशेवर माणसं गेली. ऑक्टोबरात 'ओट्रँटो' याच बेटाजवळ फुटलं, चारशेवर गेले. त्याला धडकलेल्या जहाजाचं नाव होतं 'काश्मीर'. 'टस्कानिया'च्या प्रेतांना पुरायचं तर अमेरिकन झेंडा हवा, आणि बेटावर तो एकही नव्हता. चार बायका आणि एक पुरुष रात्रभर बसले आणि त्यांनी तो शिवला. तो झेंडा आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. मनोऱ्याशी उभा असताना वारा असा की टोपी दोन हातांनी धरावी लागली. मागं गाई निवांत रवंथ करत होत्या.

आता दिवे घालवा, चित्रं बघू. आधीच सांगतो, पहिलं चित्र हंसाचं नाही, शेणाचं आहे. जरा नीट बघा, त्यात चोचीनं पाडलेली भोकं आहेत.