हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळी

मंडळी, रिपोर्ट हातात पडला की नजर पहिल्या ओळीवर जाते. हिमोग्लोबिन 10.6. बाईचं 12 च्या आत, गरोदर बाईचं 11 च्या आत, पुरुषाचं 13 च्या आत असेल तर ते कमीच. मग घरातच निदान होतं, 'रक्त कमी आहे', आणि मंडईतून बीट-डाळिंबं येतात. दोन्ही लालभडक, पण लोह दोन्हींत जेमतेम.

'रक्त कमी' हे निदान नाही, लक्षण आहे. कारण खालच्या ओळींत असतं. दोन रिपोर्ट शेजारी ठेवू. हिमोग्लोबिन दोन्हींत 10.6. पहिल्यात एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, 76 आणि तांबड्या पेशींची संख्या 4.5 (दशलक्षांत). दुसऱ्यात एमसीव्ही 64, संख्या 5.5. एमसीव्हीला संख्येने भागा. पहिल्यात येतात सुमारे 17, दुसऱ्यात साडेअकरा. 13 च्या वर लोहाची कमतरता जास्त संभवते, खाली थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडून आलेला, हिमोग्लोबिन कमी बनवणारा सौम्य आनुवंशिक दोष. हा अंदाज झाला; शिक्का मारतात ते फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी). फेरिटिन 30 च्या खाली म्हणजे लोहाचं कोठार रिकामं. मात्र ताप किंवा जंतुसंसर्ग असताना ते खोटं वाढतं.

एचपीएलसीत ए-टू, म्हणजे हिमोग्लोबिनचा एक प्रकार, 3.5 टक्क्यांच्या वर गेलं तर बहुधा मायनर. लोह फार कमी असेल तर हा आकडा खाली येऊन चकवतो, म्हणून आधी लोह भरून मग तपासावं. गरोदर बाईच्या बाबतीत मात्र थांबू नये. नवऱ्याचीही तपासणी लगेच. दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या दोषाचं गंभीर रूप, होण्याची शक्यता 25 टक्के. सिंधी समाजात हे प्रमाण जास्त आहे, त्यामुळे सिंधी वस्तीच्या पिंपरीत तरी लग्नाआधी पत्रिकेसोबत एचपीएलसीचा कागद मागावा!

आता गोळी. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. पुण्यात ती हमखास वाया जाते चहापायी. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्या. लोहाचा डोस पोटात गेला की यकृत हेपसिडिन, म्हणजे लोहाचं शोषण रोखणारं संप्रेरक, सोडतं आणि आतडं दिवसभर दार लावून घेतं, त्यामुळे दिवसातून दोन गोळ्या म्हणजे दुप्पट फायदा नव्हे. शौच काळी होईल, घाबरू नका.

तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक-दोनने चढायला हवं. आकडा नॉर्मल झाल्यावर लोक गोळी बंद करतात. कोठार भरायला त्यानंतरही तीन महिने लागतात. चढलंच नाही तर? गोळी खरंच घेतली का, रक्त कुठून जातंय का, हे पाहावं. पन्नाशीपुढच्या पुरुषाला लोह कमी पडलं तर टॉनिक नव्हे, जठर आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी.

शाकाहारी घरांत बी-12 विसरू नका. त्याच्या कमतरतेत पेशी मोठ्या होतात, लोहाच्या कमतरतेत लहान. दोन्ही एकत्र असतील तर सरासरी नॉर्मल दिसते आणि फक्त आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारांतला फरक, वाढलेला असतो. बी-12 कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं, नसा मात्र बिघडत राहतात आणि पायांच्या मुंग्या वाढत जातात.

आणि हिमोग्लोबिनबरोबर पांढऱ्या पेशी, प्लेटलेटही कमी असतील तर गोळ्यांत दिवस घालवू नका. त्याच आठवड्यात स्मिअर, म्हणजे काचेवरच्या रक्ताच्या थेंबाची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, करून घ्या आणि रक्तविकारतज्ज्ञांना गाठा.