काच फुटल्यानंतरचा पहिला तास

(दृश्य: दादर पश्चिम. पहाट. बादल्यांचा आवाज, लांबून बेस्टची पहिली बस.)

पहाटेचे साडेपाच. शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत गाड्या धुणारा मुलगा बादली घेऊन निघालाय. रात्री कुणाची गाडी फोडली गेली, ही बातमी मुंबईत बहुतेक वेळा सगळ्यात आधी लागते ती त्याला.

(दृश्य: पांढरी हॅचबॅक. मागच्या डाव्या दाराची काच नाही.)

रस्त्यावर खडीसाखरेसारखे तुकडे पसरलेत. काही अजून दाराच्या रबरात अडकलेत, काही लहान मुलाच्या सीटच्या पट्ट्यात, काही हँडब्रेकच्या खाचेत. बाजूच्या काचा टफन्ड असतात. फुटल्या की त्यांचे असेच बोथट चौकोनी दाणे होतात. पुढची काच लॅमिनेटेड, दोन थरांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पडदा. ती तडकते पण जागा सोडत नाही. म्हणून चोर पुढच्या काचेच्या नादाला सहसा लागत नाही. त्याला बाजूची काच पुरते, आणि मागच्या सीटवर ठेवलेली बॅग.

मुलगा भला आहे. वॉचमनला सांगून मालकाला इंटरकॉम करवतो, आणि तोवर हातातलं ओलं फडकं पिळून सीटवरचे तुकडे झटकायला घेतो. त्याचा हात आधी थांबवा. दाराची कड, ग्लोव्ह बॉक्सची कडी, सीट पुढे घ्यायचा दांडा, हाताचे ठसे मिळालेच तर इथेच मिळणार. ते एका फडक्यात जातात. मग ठसेतज्ज्ञ आले काय आणि न आले काय.

पहिल्या तासात करायचं काम थोडं आहे. गाडी हलवायची नाही. मोबाइलवर फोटो काढायचे: आधी लांबून, गल्लीचा फलक आणि गाडीचा नंबर दोन्ही येतील असे, मग जवळून. ११२ ला फोन करायचा, मुंबईत १०० सुद्धा लागतो. आणि समोरच्या इमारतीच्या सेक्रेटरीला गाठायचं.

सेक्रेटरी कशाला? तर फुटेजसाठी. सोसायटीच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर भरला की जुनं पुसून त्यावरच नवं रेकॉर्ड करतो. कुठे पंधरा दिवसांचं राहतं, कुठे आठवड्याचंच. आपल्या सोसायटीचा कॅमेरा तर बहुतेक वेळा गेटच्या आत बघत असतो. रस्ता दिसतो तो समोरच्या केमिस्टच्या किंवा वाण्याच्या कॅमेऱ्यात. पोलीस रीतसर पत्र देऊन फुटेज घेतील तेव्हा घेतील, तोवर ते पुसलं जाणार नाही एवढी विनंती आपण त्याच दिवशी करून ठेवायची. केमिस्ट ओळखीचा असला तर उत्तम. नसला तर ओळख करून घ्यायला यापेक्षा बरं निमित्त मिळायचं नाही.

(दृश्य: पोलीस ठाण्याचं आवार. बाकावर माणसं. टेबलावर जाड रजिस्टर.)

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार पहिला प्रश्न विचारतात: ‘काय काय गेलं?’

आणि माणूस म्हणतो, ‘बॅग.’

बॅगेत काय होतं ते एकेक करून सांगावं लागतं. लॅपटॉप कुठला, सिरियल नंबर काय, बिल आहे का. चेकबुक होतं का. घराच्या किल्ल्या होत्या का. किमतीचा प्रश्न वरवरचा वाटतो, पण तसा तो नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. चोरीसाठी कलम ३०३, आणि नव्या कायद्यात पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र. म्हणजे एफआयआर न करता नुसती नोंद (एन.सी.) लिहून घेतात, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्यात तपास करता येत नाही. तेव्हा गॉगल, चार्जर आणि सुटे पैसे एवढंच घाईघाईत सांगून मोकळं होऊ नका. शांतपणे बसून पूर्ण यादी करा. लॅपटॉपचा सिरियल नंबर खोक्यावर असतो, ऑनलाइन घेतला असेल तर बिलही मेलमध्ये सापडतं.

आणखी एक वाट आहे, ती टाळायची. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर वस्तू गहाळ झाल्याची नोंद घरबसल्या करता येते, दाखला लगेच मिळतो. सोय चांगली आहे, पण ती लोकलमध्ये पाकीट पडलं तर. काच फोडून नेलेल्या बॅगेची नोंद ‘गहाळ’ म्हणून केलीत, तर कागदावर चोरी झालेलीच नाही. पुढे विमा कंपनी नेमका हाच कागद तुमच्यासमोर धरते.

हद्दीचा घोळ मुंबईत ठरलेला. रस्त्याची अलीकडची बाजू एका ठाण्याची, पलीकडची दुसऱ्याची. गाडी रात्री वांद्रे-कुर्ला संकुलात फोडली आणि तुम्हाला कळलं मुलुंडला घरी पोचल्यावर, असंही होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्याला घ्यावी लागते, हद्द कुणाचीही असो. तिला झिरो एफआयआर म्हणतात, ती पुढे योग्य ठाण्याकडे वर्ग होते. ऑनलाइन खबर दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती हातात घेतल्याशिवाय उठू नका.

तीच प्रत घेऊन पुढची कामं. फोन गेला असेल तर सिम बंद करून सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर फोनचा आयएमईआय (ओळख क्रमांक) ब्लॉक करायचा. बँकेला सांगून चेक थांबवायचे. आणि बॅगेत घराची किल्ली असेल, शेजारी पत्ता छापलेलं आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, असेल, तर कुलूपवाल्याला आजच बोलवायचं. गाडीची काच उद्या बसली तरी चालेल.

(दृश्य: काचेचं दुकान. कारागीर दाराचं पॅड उघडतोय. आत साचलेले काचेचे दाणे व्हॅक्युमने ओढतोय.)

काच बसवायची ती पंचनामा झाल्यावर. दाराच्या पोटात पडलेले तुकडे काढले नाहीत तर नवी काच खालीवर होताना खरवडते, म्हणून पॅड उघडून साफ करणाराच कारागीर बघावा.

विम्याकडे दावा लावायचा का? इथे थोडं गणित करावं. गाडीच्या विम्यात आतल्या सामानाची भरपाई सहसा नसते. लॅपटॉप गेला तो गेला, वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर. राहिली काच. तिच्यासाठी दावा केला की आधी सक्तीची वजावट: १५०० सीसीपर्यंत हजार रुपये, त्याच्या वर दोन हजार. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि पाच वर्षं दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत चढतो. एका काचेपायी तो घालवणं बऱ्याचदा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही.

(दृश्य: रस्त्याकडेची रिकामी जागा. दोन गाड्यांच्या मधली पोकळी.)

आता दुसरी सकाळ. काच फुटलेली नाही, कारण गाडीच नाही.

बोंब मारण्याआधी वाहतूक चौकीत विचारा. मुंबईत जागेवरून नाहीशी झालेली गाडी पुष्कळदा टोइंगवाल्यांनी उचललेली असते. तिथे नाही म्हटलं की मग तडक पोलीस ठाणं.

फास्टॅगचा मेसेज येतो का याकडे लक्ष ठेवा. घाबरून टॅग लगेच बंद करू नका. गाडी टोलवरून गेली तर वेळ आणि ठिकाण तुमच्या मोबाइलवर येतं, ते तपास अधिकाऱ्यांना कळवा. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची: १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून दहिसर, मुलुंडचे दोन्ही नाके, ऐरोली आणि वाशी इथे हलक्या वाहनांना टोल माफ आहे. तिथे पैसे कापले जात नाहीत, म्हणजे मेसेजचाही भरवसा नाही. पहिली चाहूल लागली तर ती शहराबाहेर गेल्यावर, गुजरातच्या दिशेला खानिवड्याला किंवा चारोटीला, पुण्याच्या दिशेला खालापूरला. तोवर गाडी बरीच पुढे गेलेली असते.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. कळवायला उशीर झाला म्हणून दावे नाकारले जात. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी स्पष्ट केलं, की पोलिसांत तक्रार तातडीने दिलेली असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं एवढ्यावर दावा फेटाळता येणार नाही. तो वाद लढत बसण्यापेक्षा एक मेल टाकणं स्वस्त. आणि विमा नुसता थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता असेल, तर चोरीचा एक पैसाही मिळत नाही. दुचाकीवाल्यांचं घोडं इथेच अडतं.

यानंतर सुरू होते ती वाट पाहणं. तपासात काही हाती लागलं नाही तर पोलीस न्यायालयात ‘ए समरी’चा अहवाल देतात. अर्थ असा, की गुन्हा खरा आहे पण उलगडा झाला नाही. न्यायालयाने मंजूर केलेला तो कागद मिळाल्याशिवाय विमा कंपनी पैसे सोडत नाही, आणि त्यात महिने जातात. ज्यांनी या फेऱ्या मारल्यात त्यांना गाडी गेल्याचं दुःख कमी आणि समरीच्या तारखाच जास्त आठवतात.

कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. गाडी घेताना मिळालेली दुसरी किल्ली कुठे आहे, आठवतंय? ती नसेल तर संशयाची सुई तुमच्याकडे वळते. मूळ आरसी गाडीतच ठेवलेलं असेल तर तेही गेलं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत रस्त्यावर चालते, तेव्हा मूळ कागद गाडीत ठेवायचं काही कारण उरलेलं नाही. हातात येणारी रक्कमही गाडीच्या विमा मूल्याइतकीच. चार ते पाच वर्षांच्या गाडीची घसारा वजा जाता निम्मी किंमत उरते. कर्ज चालू असेल तर आधी बँक आपले पैसे काढून घेते.

(दृश्य: हॉटेलची पोर्च. वॅलेटच्या फळीवर लटकलेल्या किल्ल्या.)

किल्लीवरून आठवलं. १९९८ साली दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलात वॅलेटकडे दिलेली मारुती झेन चोरीला गेली. टोकनवर लिहिलेलं होतं, जबाबदारी मालकाची. खटला चालत राहिला आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलला जबाबदार धरलं: किल्ली ताब्यात घेतलीत म्हणजे गाडी सांभाळायची जबाबदारी घेतलीत, नुसत्या छापील ओळीने हलगर्जीपणा झाकला जात नाही. एकवीस वर्षांनी मिळालेला न्याय. वॅलेटला, गॅरेजला किंवा बदली ड्रायव्हरला फक्त गाडीची किल्ली द्यावी, घराच्या किल्ल्यांचा जुडगा नाही.

(दृश्य: गिरगाव, परळ, विलेपार्ले. रात्रीचे रस्ते, दोन्ही बाजूंना गाड्या.)

गिरगावातल्या, परळमधल्या इमारती बांधल्या गेल्या तेव्हा भाडेकरूंकडे गाड्या नव्हत्या. आज एका मजल्यावर दोन. त्या झोपतात रस्त्यावर. ‘बंद पार्किंगमध्ये लावा’ हा सल्ला इथे ऐकणाऱ्याला हसू आणतो. रस्त्यावरच लावायची तर दिव्याखाली, दुकानाच्या कॅमेऱ्यासमोर, चाकं फूटपाथकडे वळवून. स्टिअरिंगचं किंवा गिअरचं दिसणारं लॉक लावा. ते तुटत नाही असं नाही, पण तोडायला वेळ लागतो आणि शेजारच्या गाडीला ते नसतं. जीपीएस ट्रॅकर लावलात तर गल्लीबोळातल्या इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग कापून घेऊ नका, वॉरंटी जाईल. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची किल्ली दाराशेजारच्या खुंटीवर न टांगता सिग्नल अडवणाऱ्या पाउचमध्ये ठेवा. बस्स, उपकरणांचं एवढंच.

खरी सवय सीटची. सीट रिकामी दिसली पाहिजे. रिकामी लॅपटॉप बॅगसुद्धा नको, बाहेरून ती भरलेलीच दिसते. डिकीत काही ठेवायचं तर निघताना ठेवा. मॉलच्या दारात उतरून, चार लोकांदेखत डिकी उघडून बॅग आत टाकणं म्हणजे पत्ता देऊन जाणं.

दिवसाढवळ्याचा प्रकार वेगळा. सिग्नलला कुणीतरी बोनेटवर थाप मारतो: ऑइल गळतंय. किंवा टायर बसलाय. किंवा दाराशी दहाच्या नोटा पडलेल्या दिसतात. तुम्ही उतरता, ड्रायव्हरच्या दाराबरोबर पुष्कळ गाड्यांची बाकीची दारंही उघडतात, आणि पलीकडून बॅग उचलली जाते. काच फुटत नाही, आवाज होत नाही. पोलिसांच्या भाषेत ही ठकठक टोळी. उतरायचंच झालं तर पुढे पेट्रोल पंपावर.

मारुतीची इको व्हॅन असेल तर खाली वाकूनही बघा. तिचा सायलेन्सर चोरीला जातो, कारण त्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं. सकाळी गाडी सुरू केली आणि ती ट्रॅक्टरसारखी गरजली, की शाळेची पोरं त्या दिवशी रिक्षाने जातात.

(दृश्य: पोलीस ठाण्याबाहेर गंजलेल्या गाड्या. टपावर पिंपळाचं रोप.)

सापडलेल्या गाड्यांचं काय होतं, ते ठाण्यांबाहेर दिसतंच. सापडलेली गाडी मुद्देमाल असते, ती न्यायालयात अर्ज करून सोडवावी लागते. खरं तर फोटो काढून, पंचनामा करून, बंधपत्रावर गाडी लवकर परत द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलंय. तरी पिंपळ वाढतोच. कारण अर्ज करायला कुणी येत नाही: मालकाला विम्याचे पैसे मिळालेले असतात, आणि गाडी आता कंपनीची.

बाकीच्या सुटे भाग होऊन जातात, किंवा नवं नाव घेऊन परत येतात. अपघातात पार निकामी झालेली त्याच मॉडेलची गाडी कागदांसाठी भंगारातून विकत घ्यायची, तिचा चासी नंबर चोरीच्या गाडीवर चढवायचा, आणि विकायची. कागद अस्सल, गाडी चोरीची. पोलीस आल्यावर गाडी जाते ती शेवटच्या गिऱ्हाइकाकडून.

(दृश्य: जुन्या गाड्यांचा बाजार. एक जोडपं गाडीभोवती फिरतंय. मेकॅनिक गालिचा उचलतो.)

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा सोबत मेकॅनिक न्या आणि एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) संकेतस्थळावर ती चोरीची नोंदलेली नाही ना ते तपासा. मग चासी नंबर कुठे कोरलाय ते शोधा, टॉर्च लावा, आणि आरसीवरची सतरा अक्षरं-आकडे एकेक करून जुळवा. आकडे वरखाली असतील, आजूबाजूला वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसला, तर टोकनचे पैसे खिशातच राहू द्या. एजंट म्हणेल, दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय. येऊ दे.