पाण्यात कोणाच्या भरवशावर उतरावे?

नमस्कार, श्रोतेहो.

मुंबईत स्कूबा डायव्हिंग शिकणारी माणसे आता नवलाची राहिलेली नाहीत. थिअरी लोकलमध्ये बसून मोबाइलवर वाचायची, एखाद्या जलतरण तलावात शनिवार-रविवारी सराव करायचा आणि खुल्या समुद्रातल्या चार डाइव्ह पुऱ्या करण्यासाठी मालवण, गोवा, मुरुडेश्वर किंवा थेट अंदमान गाठायचे, अशी ही रीत पडली आहे. आपल्या दारातला समुद्र खाड्यांतून येणाऱ्या गाळाने इतका गढूळ असतो की पाण्याखाली स्वतःचा हात दिसण्याचीही पंचाईत. त्यामुळे मुंबईच्या डायव्हरला जवळजवळ प्रत्येक डाइव्ह परगावी, परक्या बोटीवरून आणि अनोळखी माणसांच्या भरवशावर करावी लागते. ओपन वॉटरचे, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स पुरा केल्याचे, कार्ड हाती आल्यानंतरच्या पहिल्यावहिल्या डाइव्हसाठी ऑपरेटर कसा निवडावा, याविषयी आज बोलायचे आहे.

मुळात ते कार्ड काय सांगते, हे आधी नीट पाहू. ओपन वॉटरचे कार्ड असलेल्या डायव्हरने १८ मीटरपर्यंत, जोडीदाराला सोबत घेऊन आणि ज्या परिस्थितीत आपण शिकलो तशाच किंवा त्याहून सोप्या परिस्थितीत डाइव्ह करावी, असे त्याला शिकवलेले असते. यातला १८ मीटरचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. परिस्थितीची अट मात्र पार विसरली जाते. शांत पाण्यात, दोरीला धरून खाली उतरायला शिकलेल्या माणसाला जोराच्या प्रवाहात सोडले, तर त्याच्या कार्डाने तिथे काहीही भागत नाही. सह्याद्रीत भटकणाऱ्या मंडळींना हे सांगावे लागत नाही: एकदा राजमाची करून आलेल्या माणसाला कोणताही शहाणा म्होरक्या पुढच्याच रविवारी हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने नेत नाही, आधी कोणते गड केलेत, हे तो विचारून घेतो. डाइव्ह ऑपरेटर पारखण्याची माझी कसोटीही हीच आहे. आगाऊ रक्कम मागण्याआधी जो तुम्हाला भरपूर प्रश्न विचारतो, त्याच्याकडे जावे.

हे फोनवरच कळते. तुम्ही फोन करून सांगता की, मी ओपन वॉटर केले आहे आणि मला दोन फन डाइव्ह, म्हणजे शिकण्यासाठी नव्हे तर हौसेखातर डाइव्ह, करायच्या आहेत. पलीकडून लगेच दर, व्हिडिओ फुकट मिळेल याची ग्वाही आणि पैसे पाठवण्याचा क्रमांक आला, तर तिथे थोडे थांबावे. याउलट, ‘साहेब, कोर्स कुठे केलात? शेवटची डाइव्ह कधी झाली? एकूण किती झाल्या? दमा, कानाचा त्रास, रक्तदाब, चालू असलेली औषधे? परत कधी आणि कसे जाणार?’ अशी चौकशी सुरू झाली, तर ती भोचकपणाची समजून कंटाळू नये. शेवटच्या डाइव्हला सहा महिन्यांहून अधिक काळ उलटला असेल, तर चांगला ऑपरेटर आधी रिफ्रेशर करायला सांगतो: उथळ पाण्यात मास्कमध्ये पाणी घेऊन ते बाहेर काढणे, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारे साधन, परत पकडणे, एका जागी तरंगून राहणे. त्याचे वेगळे पैसे पडतात म्हणून लोक कुरकुरतात. मला तो खर्च अजिबात वायफळ वाटत नाही.

आता आपल्या किनाऱ्यावरची एक वस्तुस्थिती. मालवण-तारकर्लीला स्कूबाचे दोन वेगवेगळे धंदे एकाच नावाखाली चालतात. एक म्हणजे पर्यटकांना पाण्याखालची झलक दाखवणे. यात तुम्हाला काही येण्याची अपेक्षाच नसते. गाइड मागून तुमचा सिलिंडर धरून ठेवतो, तुमच्या जॅकेटमधली हवा कमी-जास्त तोच करतो, तुम्ही मासे पाहता, फोटो निघतात आणि थोड्या वेळात तुम्ही वर येता. मोठ्या प्रशिक्षण संस्थांच्या नियमांत अशा डाइव्हला १२ मीटरची मर्यादा असते. प्रत्यक्षात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात ती बरीच उथळ पाण्यात उरकली जाते. हा धंदा वाईट नाही, त्यावर अनेक मच्छीमार कुटुंबांची चूल पेटते. दुसरा धंदा म्हणजे कार्डधारक डायव्हरना खऱ्या अर्थाने डाइव्ह करवणे. नवा डायव्हर चुकून पहिल्या प्रकारच्या बोटीवर जाऊन बसला, तर त्यालाही धरूनच फिरवले जाते आणि तो जे शिकला ते वापरण्याची त्याला संधीच मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे, याला येते असे समजून त्याला एकट्यालाच सोडले जाते, कारण गाइडचे दोन्ही हात इतरांच्या सिलिंडरवर असतात. तेव्हा थेट विचारावे की, कार्डधारकांचा गट वेगळा असतो का, आणि त्या गटाबरोबर जाणारा माणूस डाइव्हमास्टर किंवा इन्स्ट्रक्टर आहे का. त्याचा सदस्य क्रमांक मागण्यात संकोच नको. पॅडीसारख्या स्कूबा प्रशिक्षण संस्थांच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथेही या गोष्टींची चौकशी करता येते.

एका गाइडमागे किती डायव्हर, हा प्रश्न सगळेच विचारतात. चारापर्यंत ठीक; नव्यांसाठी दोन-तीन असतील तर उत्तमच. मला मात्र त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: गटात कोण कोण आहे आणि एकाची हवा संपत आली की बाकीच्यांचे काय होते? १८ मीटरवर भोवतालचा दाब पृष्ठभागाच्या सुमारे २.८ पट असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला टाकीतली हवाही तितक्याच पटीने जाते. त्यात नवा माणूस घाईघाईने श्वास घेतो, हातपाय जास्त मारतो. शंभर डाइव्ह केलेल्याचा काटा अजून अर्ध्यावर असताना या नव्याचा काटा राखीव ५० बारकडे (बार हे दाबाचे एकक) सरकलेला असतो. अशा वेळी गाइड सगळ्यांना घेऊन वर येणार की नव्याला बोट दाखवून ‘तू जा वर’ म्हणणार, हे किनाऱ्यावरच ठरलेले असले पाहिजे. अनुभवी मंडळींच्या गटात शिरण्याचा मोह नव्याने टाळावा. त्यांचा रस भंगतो आणि आपल्याला उगीच अपराधी वाटून आपण हवा कमी असल्याचे सांगायला उशीर करतो. तो उशीर पाण्याखाली महागात पडतो.

अंदमानात स्वराजद्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, गेलात तर हाच मुद्दा जागेच्या बाबतीत येतो. तिथले डिक्सन्स पिनॅकल नावाचे खडक फार प्रसिद्ध आहेत आणि त्यांचे फोटो पाहून कोणालाही तिथेच जावेसे वाटते. पण त्यांचा बराचसा भाग १८ मीटरच्या खाली आहे. ‘काही होत नाही, गाइड आहे ना’ म्हणून ओपन वॉटरवाल्याला तिथे नेणारा ऑपरेटर दिलदार वाटतो खरा. मी अशा दिलदारीपासून चार हात लांब राहतो.

सामानाची पारख बोटीवर चढण्याआधी करावी. त्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही. सिलिंडर जोडून झाला की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि रेग्युलेटरमधून चार-पाच खोल श्वास घ्या. नजर मात्र प्रेशर गेजच्या काट्यावर ठेवा. काटा २०० बारच्या आसपास स्थिर राहिला पाहिजे. प्रत्येक श्वासाबरोबर तो खाली डुचमळून पुन्हा वर येत असेल, तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे किंवा आत काही अडले आहे. पृष्ठभागावर असा श्वास मिळून जातो, १५ मीटरवर तो पुरत नाही. हवेला वास किंवा तेलकट चव असता कामा नये. कंप्रेसरची हवा ओढणारी नळी डिझेल इंजिनाच्या धुराजवळ असेल, तर टाकीत कार्बन मोनॉक्साइड शिरू शकतो, आणि त्याला स्वतःला वास नसतो; म्हणूनच कंप्रेसर कुठे ठेवला आहे, हे चालता चालता पाहून घ्यावे. बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगणे सांभाळायचे जॅकेट, फुगवून पाच मिनिटे तशीच ठेवावी; ती सैल पडली तर बदलून मागावी. दुसरा, राखीव रेग्युलेटर, ज्याला आपण ऑक्टोपस म्हणतो, तो तोंडात घालून पाहावा, नुसता लटकलेला पाहून समाधान मानू नये. सिलिंडरच्या खांद्यावर दाब चाचणीची तारीख ठोकलेली असते. ती दाखवायला सांगितल्यावर माणूस वैतागला, तर त्या वैतागाची नोंद घ्यावी.

खाली उतरता यावे म्हणून कमरेच्या पट्ट्यात घालायच्या शिशाच्या वजनांबाबत एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. तलावातल्या गोड्या पाण्यात तुम्हाला जितके वजन लागले, तितके समुद्रात पुरत नाही, कारण खारे पाणी जड असते. आणि ॲल्युमिनियमचा सिलिंडर हवा संपत आली की हलका होऊन वर ओढू लागतो. त्यामुळे समुद्रात दोन-तीन किलो वाढवावे लागतात, हे रास्त आहे. परंतु गर्दीच्या दिवशी काही गाइड सगळ्यांच्याच पट्ट्यात सरसकट भरपूर शिसे घालतात, म्हणजे कोणी वर तरंगत राहून खोळंबा करू नये. मग नवा डायव्हर दगडासारखा खाली जातो, सावरण्यासाठी बीसीडीत हवा भरत राहतो, कधी तळाला, कधी वर असा हिंदकळतो आणि प्रवाळांवर आदळतो. बोटीजवळच पृष्ठभागावर वजनाची चाचणी घेऊ देणारा ऑपरेटर तुमचा पाव तास घेईल. तो घेऊ द्यावा.

बोटीकडेही तितक्याच बारकाईने पाहावे, कारण धोका फक्त पाण्याखाली असतो असे नाही. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्यालगत उलटली आणि दोघांचा जीव गेला. तेव्हा बोट किती जणांची आहे आणि चढली किती, लाइफ जॅकेट प्रत्येकाला आहे का आणि ती जाता-येता अंगावर घालायला लावतात का, सगळे पाण्यात असताना बोटीवर तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, थांबतो का, हे विचारण्यात कमीपणा नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर बोटीवर आहे का, हेही विचारावे. ‘किनाऱ्यावर ऑफिसात आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. मुरुडेश्वरहून नेत्राणी बेट सुमारे १९ किलोमीटर आत आहे. तिथे वर आल्यावर कोणाला डीकम्प्रेशनचा, म्हणजे दाब उतरल्याने शरीरात वायूचे बुडबुडे होण्याचा, त्रास झाला, तर किनारा गाठेपर्यंतच्या वेळात शुद्ध ऑक्सिजन हाच पहिला उपचार असतो. पुढचा उपचार, म्हणजे शरीर पुन्हा दाबाखाली ठेवणारा दाब-कक्ष, मोजक्या ठिकाणी मिळतो. अंदमानात तो नौदलाच्या धन्वंतरी रुग्णालयात आहे. आपल्या ऑपरेटरला जवळचा दाब-कक्ष कुठे आहे हे क्षणाचाही विचार न करता सांगता आले पाहिजे.

दराबद्दल फार बोलण्यासारखे नाही. अगदी स्वस्त असेल तर कुठे तरी काटकसर झालेली असते, आणि महाग म्हणजे चांगले असेही नसते. लोकांनी दिलेल्या तारका बहुतेक वेळा मासे, व्हिडिओ आणि जेवण यांना दिलेल्या असतात. खरी माहिती रद्द झालेल्या डाइव्हविषयी विचारल्यावर मिळते: समुद्र बिघडला तर तुम्ही काय करता, आणि पैशांचे काय? मालवणात एखादा जुना तांडेल सकाळी पाण्याकडे पाहून ‘आज पाणी बरां नाय, फाल्यां बघूया’ म्हणतो आणि त्या दिवशीची कमाई सोडून देतो. मुंबईहून रात्रभर प्रवास करून गेलेल्या माणसाला त्याचा राग येतो. तरीही पुढच्या वर्षीसाठी क्रमांक जपून ठेवावा, तो त्याचाच. उधाणाच्या दिवसांपेक्षा भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी सौम्य असणाऱ्या, दिवसांत प्रवाह मंद असतो आणि पाणी कमी ढवळते, तेव्हा सुट्टी टाकण्याआधी तिथी पाहून त्याच्याशी बोललात, तर निराशेची वेळही कमी येईल.

परतीचा प्रवास हा मुंबईकरांचा खास दुखरा भाग आहे. शुक्रवारी रात्री निघायचे, शनिवार-रविवार डाइव्ह करायची आणि रविवारी संध्याकाळी गोव्यातल्या मोपाहून विमान पकडून सोमवारी ऑफिसात हजर, हा बेत कागदावर छान दिसतो. पण एकाच साध्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर किमान १८ तास जाऊ द्यावेत, असे सांगितले जाते, कारण उंचीवर हवेचा दाब घटला की तोच डीकम्प्रेशनचा त्रास होऊ शकतो. मोटारीने आंबोलीसारखा घाट चढून कोल्हापूरमार्गे येणाऱ्यांनीही उंचीचा विचार करावा. कोकण रेल्वेने किनाऱ्याकिनाऱ्याने येणाऱ्याला ही चिंता बरीच कमी. तिकीट काढण्याआधी ऑपरेटरला परतीची वेळ सांगा. ‘मग रविवारची डाइव्ह नको’ असे तो स्वतःहून म्हणाला, तर त्याला आगाऊ रक्कम पाठवायला हरकत नाही.

पहिल्या सहलीसाठी नाताळचा आठवडा मात्र टाळावा. त्या गर्दीत चांगल्या ऑपरेटरलाही नव्या डायव्हरकडे पाहायला उसंत नसते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर जलक्रीडा बंद असतात, बोटी वर ओढलेल्या असतात आणि सामानाची दुरुस्ती निघते. फोनवर सविस्तर बोलायला तेव्हा सगळ्यांनाच वेळ असतो. चौकशी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच उरकून घ्या आणि नोव्हेंबर-डिसेंबरमधले, शक्यतो आठवड्याच्या मधले दोन दिवस पक्के करा.

नमस्कार.