सहल आखायची ती परतीच्या गाडीपासून

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला लागला आणि पहाटे पंखा एक घर कमी करावासा वाटू लागला, की मुंबईतल्या घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "एखाद्या दिवशी कुठंतरी डोंगरात जाऊन येऊ या की." मुक्काम नको, हॉटेलचं बुकिंग नको, रजाही नको. सकाळी निघायचं, रात्री घरी येऊन वरणभात खायचा. बाकी कितीही हाल होवोत, या बाबतीत आपली राजधानी नशीबवान आहे. दिल्लीहून मसुरीला जाऊन त्याच दिवशी परत यायचं म्हटलं तर निम्मा जीव रस्त्यातच जातो. आपल्याला मात्र लोकलच्या साध्या तिकिटात सह्याद्रीचा पायथा गाठता येतो.

कल्याणला रेल्वेचे दोन फाटे होतात. एक जातो कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. दोन्हीकडे डोंगरच डोंगर. कर्जतची गाडी पकडली असेल तर उजव्या हाताची खिडकी धरा. अंबरनाथपासून मलंगगड दिसायला लागतो, मग बदलापूर-वांगणीच्या पट्ट्यात चंदेरीचा सुळका, त्यानंतर पेब आणि त्याला लागूनच माथेरानचा लांबलचक माथा.

पण कुठं जायचं हे ठरवण्याआधी एक गोष्ट करा. कागद घ्या आणि त्यावर सगळ्यात खाली परतीच्या गाडीची वेळ लिहा. तिथून वर वर सरकत सकाळपर्यंत या. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. पहाटेचा गजर किती वाजताचा, यावर घरात तासभर चर्चा होते आणि परतीचं काय, तर "बघू, मिळेल काहीतरी." एका दिवसाच्या सहलीत जे बिघडतं ते बहुतेक वेळा संध्याकाळी पाचनंतर बिघडतं. सकाळ कुणाचीच बिघडत नाही; सकाळी सगळ्यांच्या पायांत जोर असतो आणि डब्यात पोळ्या असतात.

लोणावळ्याचंच बघा. पहाटेच्या इंद्रायणीनं लोणावळा, तिथून पुण्याकडे जाणारी लोकल, मळवलीला उतरायचं, भाज्याच्या लेण्यांवरून पायी लोहगड. रस्ता सुंदर, गडाच्या एकापाठोपाठ एक येणाऱ्या दरवाजांची वाट तर बघत राहावी अशी. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यांत लोहगड आहे, त्यामुळे आता गर्दीही वाढलीय. सगळं छान. पण लोणावळा ते कर्जत या घाटात लोकल धावत नाही, हे कित्येकांना लोणावळ्याच्या फलाटावर उभं राहिल्यावर कळतं. खाली उतरायचं तर पुण्याहून येणारी एक्स्प्रेसच हवी, आणि रविवारी संध्याकाळी तिच्या जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून लोहगडला जायचं असेल तर परतीचं आरक्षण हातात असल्याशिवाय घर सोडू नका. तीच गोष्ट कळसूबाईची. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, त्यामुळे मोह होतो. पण कसाऱ्याच्याही पुढं बारी गाव गाठायचं, शिड्या चढून वर जायचं, उतरायचं आणि पुन्हा मुंबई गाठायची, हे सगळं एका दिवसात बसवलं की डोंगर बघणं होतच नाही, नुसती धावपळ होते. तिथं मुक्कामाच्या तयारीनंच जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका दिवसासाठी, तेही घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि पोरांना घेऊन जायचं असेल, तर मी अजूनही माथेरानच सांगेन. लोक नाक मुरडतात. "माथेरान? तिथं काय, घोडे आणि चिक्की!" असू देत. गाड्यांना बंदी असलेलं आणि लोकलनं गाठता येणारं दुसरं थंड हवेचं ठिकाण आपल्याजवळ नाही.

तर माथेरानचा कागद खालून वर कसा भरायचा ते बघू. डिसेंबरमध्ये आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. अंधार पडेपर्यंत माथेरानच्या पायथ्याच्या नेरळ स्टेशनात असावं, असं धरू. वर गाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच येतात. तिथून नेरळपर्यंत टॅक्सीनं खाली यायला अर्धा तास धरा, शिवाय टॅक्सी भरेपर्यंत थांबायचा वेळ वेगळा. ड्रायव्हर शेवटची सीट भरल्याशिवाय किल्ली फिरवत नाही, तुम्ही कितीही घड्याळ दाखवा. बाजारपेठेतून दस्तुरीपर्यंत चालत पाऊण तास, लहान मूल बरोबर असेल तर तासभर. म्हणजे बाजारपेठ सोडायची साडेचारला. सकाळी दहाला वर पोहोचलात तर तुमच्या हातात साडेसहा तास आहेत. त्यातला तास जेवणाचा. उरलेल्या वेळात माथेरानचे सगळे पॉइंट होत नाहीत, आणि करायचेही नसतात.

घोडेवाले "बारा पॉइंट, अठरा पॉइंट" असा हिशेब सांगतात. त्यात उतरायचं, फोटो काढायचा, पुन्हा चढायचं, एवढंच होतं. त्यापेक्षा पश्चिमेची एक बाजू धरा. बाजारपेठेतून शार्लोट तलाव, काठावरचं पिसरनाथाचं मंदिर, तिथून एको आणि लुईझा. तलावाचं पाणी गावाला प्यायला जातं, म्हणून त्यात पाय बुडवायचा नाही. पोरांना आधीच सांगून ठेवा. लुईझावर उभं राहिलं की समोर प्रबळगड दिसतो. या वाटेवर दुपारीसुद्धा सावली असते, कारण जांभूळ, हिरडा, अंजन असं दाट रान आहे. अंजन फुलण्याच्या दिवसांत गेलात तर निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ थेट फांदीला चिकटलेले दिसतील. वर बघत चाला. शेकरू दिसलं तर दिसलं, नाहीतर माकडं आहेतच. ती तुमच्या हातातली पिशवी बघतात, तुम्हाला नाही. खाण्याची पिशवी पाठपिशवीत घाला आणि चेन लावा.

जेवण झाल्यावर अंगात जोर असेल तर पूर्वेकडचा अलेक्झांडर, नाहीतर झाडाखाली आडवं व्हा. आणि पॉर्क्युपाइनवरच्या सूर्यास्ताचा मोह सोडून द्या. तो मुक्कामाला आलेल्या माणसांसाठी आहे. सूर्य बुडाल्यावर रानातून अंधारात चालत बाजारपेठ, मग दस्तुरी, तोवर टॅक्सीवाले पांगलेले. एवढं करून समुद्राकाठी राहणाऱ्या आपण सूर्यास्त बघायला डोंगरात जायचं, हेही जरा गमतीचंच, नाही का?

आता छोट्या गाडीबद्दल, कारण पोरं तिच्यासाठीच येतात. नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ साली सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, सोळा लाख रुपये, त्या काळचे. त्यांच्या मुलानं, अब्दुल हुसेन यांनी, ती उभी केली. दोन फूट रुंदीचे रूळ, साधारण एकवीस किलोमीटरचा प्रवास आणि त्याला लागतात अडीच-पावणेतीन तास. वळणं इतकी घट्ट की पुढच्या डब्यातला माणूस तुम्हाला खिडकीतून तोंडासमोर दिसतो. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी मधली स्टेशनं. २००५ च्या महापुरात रूळ वाहून गेले, २०१९ च्या पावसानं पुन्हा तेच झालं, आणि नेरळपासूनची पूर्ण सेवा परत सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडलं. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज ही गाडी बंदच असते. वरच्या टप्प्यात, अमन लॉज ते माथेरान, तेवढी शटल चालू राहते.

एका दिवसाच्या हिशेबात ही गाडी कशी बसवायची? वर जाताना तिनं जायचं ठरवलंत तर दुपार तिथंच होते. शिवाय जागा मोजक्या, आणि नेरळच्या खिडकीवर सुट्टीच्या दिवशी रांग लागते. म्हणून मी सांगेन, नेरळहून दस्तुरीपर्यंत शेअर टॅक्सी, आणि दस्तुरीजवळच्या अमन लॉजहून शटल. वीसेक मिनिटांचा प्रवास, पोरांची हौस फिटते, आजीचे गुडघे वाचतात. मात्र शटलनं वर पोहोचलात की आधी परतीच्या फेऱ्यांची पाटी वाचा, मग चहा. गुडघ्यांची फारच तक्रार असेल तर अलीकडं ई-रिक्षाही आल्या आहेत, पण त्या हव्या तेव्हा मिळतीलच असं धरून चालू नका. चालणाऱ्यांनी रुळांच्या बाजूनं चालावं. लाल माती उडते, पांढरे मोजे घालू नका. माथ्यावर सगळा जांभा दगड आहे, त्याचीच ही धूळ, आणि ती धुऊन निघत नाही.

पायवाटांची आवड असेल तर सांगतो, माथेरानचा इंग्रजी इतिहास सुरू होतो तोच पायी. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावात तळ टाकून होता, तो तिथून वन ट्री हिलच्या बाजूनं वर चढून आला. पुस्तकांत मग "माथेरानचा शोध लागला" असं येतं. वर धनगर आणि ठाकर मंडळी आधीपासून वावरत होती, त्यांना तो डोंगर हरवलेला नव्हता. आणि याच माथेरानमध्ये १९१२ साली विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले, ज्यांना आपण वीर भाई कोतवाल म्हणतो. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या दस्त्यानं मुंबईकडं येणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात त्यांना आणि हिराजी पाटलांना वीरमरण आलं. हवा स्वच्छ असेल तर माथेरानच्या पूर्व कड्यावरून भीमाशंकरची रांग दिसते, सिद्धगड त्याच बाजूला. चिक्की घेताना पोरांना एवढं जरूर दाखवा.

पावसाळ्यात हाच कागद वेगळा भरावा लागतो. घाटमाथ्यावरचा पाऊस तुमच्या डोक्यावर नसतो, तो वर कुठंतरी पडत असतो, आणि गुडघाभर पाण्याचा ओढा बघता बघता कमरेपर्यंत येतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ती अशीच. त्या दिवसांत रायगड जिल्ह्यात धबधब्यांवर मनाई आदेश निघतात. स्टेशनवरून टॅक्सी करून, डबा घेऊन पोहोचल्यावर पोलीस परत पाठवतात आणि मग वाद होतो. हवामान खात्याचा इशारा आदल्या रात्री बघा. ऑरेंज किंवा रेड असेल तर घरी भजी तळा. कड्याच्या टोकाशी पाऊस असो वा नसो, ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं. काही झालंच तर ११२ लावायचा, पण वर दरीच्या बाजूला रेंज जाते, म्हणून कुठल्या वाटेनं जाणार ते घरी कुणाला तरी सांगून निघा.

शेवटी वाराबद्दल. रविवार टाळता आला तर टाळाच. मध्य रेल्वेवर रविवारी मेगाब्लॉक असतो, साधारण अकरा ते चारच्या दरम्यान, शिवाय गाड्याही सुट्टीच्या वेळापत्रकानं कमी. ब्लॉक कुठं आहे ते एक-दोन दिवस आधी जाहीर होतं, तेवढं बघून कागदावर परतीच्या वेळेत अर्धा-पाऊण तास वाढवा. मधला एखादा वार काढता आला तर उत्तमच, कारण सकाळी सगळी मुंबई आत येत असते आणि तुम्ही बाहेर चाललेले असता. खिडकी तुमचीच. संध्याकाळी पुन्हा गर्दी तुमच्या उलट्या दिशेला.

आणि शनिवार-रविवारीच जाणार असाल तर तिकीट काढताना नेरळचं न काढता कर्जतचं रिटर्न काढा. संध्याकाळी नेरळला येणारी मुंबईची लोकल कर्जतहूनच भरून आलेली असते. तुम्ही नेरळ ते कर्जतचं वेगळं तिकीट काढा, कारण सकाळी नेरळला उतरल्यावर जातानाचं तिकीट पुढं चालत नाही, आणि समोरच्या फलाटावरून कर्जतकडं जाणारी गाडी पकडा. मधे एकच स्टेशन, भिवपुरी रोड. कर्जतला उतरा, फलाटावर वडापाव घ्या, आणि मुंबईला सुटणारी गाडी लागली की आत जाऊन बसा. पंधरा-वीस मिनिटं जास्त जातील, पण ठाण्यापर्यंत आजी उभी राहणार नाही. फक्त गाडी फास्ट आहे की स्लो, ते चढण्याआधी बघून घ्या.

नमस्कार.