त्यांना 'प्रियसचे टायर' म्हणतात, पण
(अमेरिकेतल्या मराठी गाडीवेड्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानातून)

तर मंडळी, 2012 साली टोयोटाने 86 ही स्पोर्ट्स कार बाजारात आणली, इकडे अमेरिकेत तीच गाडी टोयोटाच्याच सायन या ब्रँडखाली एफआर-एस नावाने आली आणि सुबारूची बीआरझेड म्हणजे तिची जुळी बहीण. 2 लिटरचं बॉक्सर, म्हणजे समोरासमोर आडव्या सिलिंडरचं इंजिन, 200 हॉर्सपॉवर, पॉवर मागच्या चाकांना. आणि टायर? मिशेलिन प्रायमसी एचपी, 215/45 आर 17, म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 45 टक्के आणि रिम 17 इंची. आता हा टायर मुळात शांत, आरामात चालणाऱ्या गाड्यांचा. टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड गाडीच्या काही मॉडेलना हाच असायचा म्हणून लोकांनी 'प्रियसचे टायर' असं नावच पाडलं आणि कंपनीने इथे पैसे वाचवले अशी बोंब सुरू झाली.

मला हे कधीच पटलं नाही. गाडीचे मुख्य इंजिनिअर तेत्सुया तादा यांचं म्हणणं स्पष्ट होतं, टर्बो नको, फोर व्हील ड्राइव्ह नको आणि रुंद, चिकट टायर पण नकोत. कारण सोपं आहे बघा. टायरला ग्रिप जितकी जास्त तितका तो सुटायचा वेग जास्त, म्हणजे गाडीचा खरा स्वभाव कळायला तुम्हाला रस्त्यावर नको तेवढं जोरात जावं लागतं. प्रायमसीवर मात्र वळणात मध्यम वेगातच मागची बाजू हळूच सरकायला लागते, आधी सांगून सरकते, आणि स्टीअरिंगने तिला परत ओळीत आणता येतं. मी पहिलं वर्ष त्याच टायरवर काढलं, रिकाम्या पार्किंगमध्ये प्लास्टिकचे शंकू लावून त्यांच्यामधून गाडी पळवायच्या इव्हेंटला जायचो, आणि ॲक्सिलरेटर वळणात एकदम सोडला की काय होतं हे मला त्या टायरने शिकवलं, दुसऱ्या कुणी नाही.

पण मग बदलावेत का? हो, नक्की बदलावेत, झिजले की. ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक मारायची वेळ येते तेव्हा चांगल्या समर टायरचा, म्हणजे उबदार हवेसाठी बनवलेल्या चिकट टायरचा फरक पोटात जाणवतो. मी मिशेलिन पायलट स्पोर्ट 4 एस घेतले, 225/45 आर 17 मध्ये. हा साइज मूळ 7 इंची रिमवर नीट बसतो. उंची 9 मिलिमीटरने वाढते, म्हणजे साधारण दीड टक्का, स्पीडोमीटर तेवढाच कमी दाखवतो. एवढं चालतं.

जे चालत नाही ते म्हणजे त्याच 7 इंची रिमवर 245 चढवणं. बघायला मस्त दिसतं, पण साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, बाहेर फुगते, वळणात ती डुलते आणि स्टीअरिंग फिरवल्यावर गाडी एक क्षण विचार करून वळते असं वाटतं. 245 हवेतच तर आधी रुंद रिम घ्या, आणि मग रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो हेही लक्षात ठेवा. आपण पावसाळ्यात वाढलेली माणसं आहोत, हे वेगळं सांगायला नको. आणि काहीही घ्या, लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, 87 च्या खाली जाऊ देऊ नका. 87 म्हणजे एका टायरवर 545 किलो.

अजून एक, हे मी फार कळकळीने सांगतोय. समर टायरचं रबर साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली कडक होतं. नोव्हेंबरातल्या एका सकाळी, रस्ता कोरडा, बर्फाचा कण नाही, मी नेहमीच्याच वेगात कॉलनीच्या वळणावर आलो आणि मागची बाजू सरळ निघून गेली, काही न सांगता. समोर कुणी नव्हतं म्हणून वाचलो. त्या आठवड्यातच हिवाळ्याच्या टायरचा वेगळा सेट आणला, जुन्या 16 इंची रिमवर, आणि त्याचे पैसे खर्च करताना मला जराही वाईट वाटलं नाही.

आता नवी जीआर 86 आली, 2.4 लिटरची. तिच्या 18 इंची चाकांना कंपनीकडूनच पायलट स्पोर्ट 4 येतो. पण 17 इंची घेतलीत तर? तर तोच जुना प्रायमसी! मला विचाराल तर मी 17 इंचीच घेईन, आणि पहिले टायर पूर्ण गोटा व्हायच्या जरा आधीपर्यंत वापरीन.